उत्कर्षाची एकही सुट्टी नाही

६ एप्रिल, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. एक, पोहायला शिकायचं. दोन, वजन. तीन, उत्कर्षाचा विषय डोक्यातून कायमचा काढायचा. मला कुणाचा हेवा वाटत नाही, पण डोक्यात जागा किती आणि ती कशाने भरायची हा विचार माणसाने करावा.

बारामतीच्या स्विमिंग टँकवर आज लेडीज बॅच सुरू झाली. साडेसहा ते साडेसात. पेपरातली जाहिरात मी पाहिली, फॉर्म मी आणला, कॉस्च्युम घालायचं धाडस बेचाळिसाव्या वर्षी मी केलं. आणि परवा जेवताना धाकट्या जाऊबाई, म्हणजे उत्कर्षा, वय एकोणतीस, भात कालवता कालवता म्हणाली की ताई, मी पण येते. सासूबाईंनी लगेच शिक्का मारला, "जावा की दोघीबी, म्हाळसे. सोबत व्हईल." मी सोबत मागितली नव्हती.

८ एप्रिल, बुधवार
उत्कर्षा तरंगली. तिसऱ्याच दिवशी. पुण्या-मुंबईची असती तर मी समजून घेतलं असतं. ही कऱ्हाटीची, जिथे उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. हिने पाणी पाहिलं कधी?
मी अजून कठड्याला धरून पाय मारते. पाया पक्का झाला पाहिजे.

१३ एप्रिल, सोमवार
आमच्या कोच शबीनामॅडमनी जाहीर केलं, १७ मे, रविवारी स्पर्धा. पंचवीस मीटर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. घरच्यांना बोलवा म्हणाल्या.
घरी सांगितलं. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "म्या येनार बघाया." अठरा वर्षांत आई माझं काहीही बघायला आलेल्या नाहीत. माझी रांगोळी तालुक्यात पहिली आली तेव्हा त्यांचे गुडघे दुखत होते. उत्कर्षा घरात आल्याला चार वर्षं झाली, आता गुडघे बरे झाले.
असो. आईंच्या डोळ्यांदेखत मी पहिली येणार. हे लिहून ठेवते.

१७ एप्रिल, शुक्रवार
पाळी आली. पाच दिवस मला टँक बंद. भिंतीवर हजेरीचा कागद आहे, त्यात प्रत्येकीच्या नावापुढे महिन्यातून चार-पाच रिकामे चौकोन असतातच. उत्कर्षाचेही होतील. या बाबतीत निसर्ग फार न्यायी आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार
झाला न्याय! उत्कर्षाने सकाळी आईंना सांगितलं, आजपासून देवपूजा ताई करतील. आमच्याकडे बाकी काही पाळत नाहीत, फक्त चार दिवस देवघरात जायचं नाही. म्हणजे हिची पाळी. तिच्या वाटची पूजा मी आनंदाने केली. आरतीसुद्धा म्हटली. आईंनी विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, प्रसन्न वाटतंय.

२५ एप्रिल, शनिवार
पहाटे सहाला उत्कर्षा दारात बॅग घेऊन उभी. मला वाटलं, सोडायला आली. तर ही टँकवर आली, कॉस्च्युम घातला आणि सरळ पाण्यात. अर्ध्या टँकपर्यंत जाऊन आली. हसत.

सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून मी शबीनामॅडमना बाजूला घेऊन सांगितलं. व्यक्तिगत काही नाही. मॅडम म्हणाल्या, मला ठाऊक आहे, ती टॅम्पॉन वापरते, पाण्याला काही होत नाही. आणि वर म्हणाल्या, तुम्हाला माहीत असेलच. म्हटलं, अर्थातच.
माहीत नव्हतं. कापसाची बोटाएवढी गुंडाळी असते, आत ठेवायची, तिला दोरा असतो, हे रिक्षात बसून मोबाईलवर वाचलं. रिक्षावाला आरशातून बघतोय असं वाटत राहिलं.
हजेरीच्या कागदावर तिचा एकही चौकोन रिकामा नाही. ही सरळ सरळ फसवणूक आहे.

२७ एप्रिल, सोमवार
बातमी फुटली. (मी फक्त तिघींना सांगितलं होतं, तेही काळजीपोटी.) मला वाटलं, बायका नाकं मुरडतील. तर पोहून झाल्यावर चेंजिंग रूममधल्या बाकावर उत्कर्षा मधोमध आणि तिच्याभोवती अकरा बायका. दरबारच.

सगळ्यांत पुढे सायराबानूचाची. वय अठ्ठावन्न, कापडाचं दुकान. म्हणाल्या, माझं सगळं संपलं गं बाई, पर सुनंला सांगाया पायजे. मग एकेक प्रश्न. आत हरवत न्हाय का? उत्कर्षा म्हणाली, जाणार कुठं चाची, वरच्या बाजूला गर्भाशयाचं तोंड हाय, तिथनं ते पार जात न्हाय. लघवीला काढावं लागतं का? न्हाय, ती वाट वेगळी, दोरा फक्त बाजूला धरायचा. किती तास? चार ते आठ, आठाच्या वर कधीच न्हाय. हात धुवायचे, घालताना बी आणि काढताना बी.

मी नळाशी कॉस्च्युम पिळत उभी होते. पाणी केव्हाच निघून गेलं होतं, तरी पिळत होते. एवढ्यात चाची माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची जाऊ लई हुशार हाय हां म्हाळसाबाई. नशीबवान हाय तुमी."
मी निघून आले. पुढचे प्रश्न मला ऐकायची गरज नव्हती. इंटरनेट सगळ्यांना सारखंच मिळतं.

२९ एप्रिल, बुधवार
बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सविस्तर माहिती टाकली. सोळा मुद्दे, खाली गुलाब. मुद्दा नऊ : रात्री लावून सकाळपर्यंत निवांत झोपावे.
अकरा अंगठे आले. मग उत्कर्षाचा मेसेज. ग्रुपवर नाही, मला एकटीला. ताई, खूप छान लिहिलंय. फक्त नववा मुद्दा तेवढा बदला, आठ तासांच्या वर झोप होणार असेल तर पॅडच बरं. जास्त वेळ राहिलं तर क्वचित फार गंभीर आजार होतो, जोराचा ताप, उलट्या, चक्कर, अंगावर पुरळ. तसं झालं तर लगेच काढून दवाखाना गाठायचा. तुम्हीच बदला, म्हणजे बायकांना तुमच्याकडून कळेल.

तुमच्याकडून कळेल! ग्रुपवर लिहिलं असतं तर चारचौघींत भांडता तरी आलं असतं. हा चांगुलपणा ती मुद्दाम करते.
मुद्दा बदलला नाही, सगळा मेसेजच डिलीट केला. विचारलं तर सांगेन, मोबाईल नवीन आहे.

३ मे, रविवार
निर्णय झाला. मीही वापरणार. पण तिला विचारून नाही. विचारलं की ती समजावून सांगणार, आणि समजावून सांगताना ती अशी मान तिरकी करते की जीव जळतो.

बारामतीत घ्यायची सोय नाही, सगळे मेडिकलवाले आमच्या यांना ओळखतात. माहेरी अंथुर्ण्याला जाते सांगून निघाले, माझ्या आईला पाच मिनिटं तोंड दाखवलं आणि पुढची एसटी धरून इंदापूरला. तिसऱ्या मेडिकलमध्ये मिळालं. दुकानदाराने पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या काळ्या पिशवीत दिली. त्याने साईज विचारली. उत्कर्षाच्या खोक्यावर रेग्युलर लिहिलेलं मी पाहिलंय. म्हटलं, त्याहून मोठी कुठली? त्याहून? त्याहून? हां, ती द्या.
बघू आता.

५ मे, मंगळवार
आज रंगीत तालीम. पाळीला अजून दहा दिवस आहेत, पण मी कोरडा सराव आधी करणारी बाई आहे. खोक्यातला कागद नकाशासारखा उलगडत जातो, मुंगीएवढं इंग्रजी. तो ठेवून दिला. चित्रात बाईचा एक पाय स्टुलावर होता, म्हणून मीही ठेवला. स्टूल सरकलं. बाहेरून आईंनी विचारलं, "काय गं पडलं?" म्हटलं, बादली. "बादली वराडती व्हय?" म्हणाल्या.
टॅम्पॉन आत गेलं नाही. खूप दुखलं. कंपनीचा माल खराब आहे. उत्कर्षाला सगळं आयतंच जमतं.

११ मे, सोमवार
उत्कर्षा पूर्ण पंचवीस मीटर, न थांबता. मी अठरा मीटर, मग दोरी. उरलेले सात मीटर हा निव्वळ मानसिक प्रश्न आहे.

१५ मे, शुक्रवार
आली. बरोब्बर स्पर्धेच्या दोन दिवस आधी. निसर्गाबद्दलचं मत मागे घेते.

१६ मे, शनिवार
जमलं! पहिल्याच प्रयत्नात, फारसं न दुखता! त्या दिवशी एवढं कोरडं होतं म्हणूनच अडत होतं बहुतेक. पाण्यात उतरले, बाहेर आले, कुणाला काही कळलं नाही. अडीच तास ठेवलं. काढलंही व्यवस्थित.
इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. गंमत म्हणजे, सांगावंसं वाटलं ती एकटी उत्कर्षाच. अर्थातच नाही सांगितलं.
उद्या आई खुर्ची टाकून पुढे बसणार. धोका पत्करायचा नाही.

१७ मे, रविवार. सकाळी ५.४०
डबल बंदोबस्त केला. पहाटे एक घातलंच होतं, त्यावर दुसरं. उत्कर्षाचं एकात भागतं, तिचं अंगच केवढंसं. शिवाय दोन म्हणजे कधीही एकापेक्षा जास्त. शांत वाटतंय. आज माझा दिवस आहे.

सकाळी ७.१५, टँकवरचं टॉयलेट
आत दडपल्यासारखं होतंय म्हणून काढायला आले. एक निघालं. दुसऱ्याचा दोरा नाही. कुठंच नाही. रोजनिशी पिशवीत होती म्हणून लिहितेय, दुसरं काही सुचत नाही. बाहेर शिट्टी वाजतेय. शर्यत आठला. आई आल्यात, आवाज आला.
आतच राहिलं तर? या अशा गोष्टीने मेले तर यांना लोक काय विचारतील?
दारावर कुणीतरी टकटक करतंय. तीच आहे.

संध्याकाळी ७.३०
मी आतूनच सांगितलं होतं, काही नाही, पोट जरा. ती हळूच म्हणाली, ताई, दोरा घावंना का? (दोन दिवस पूजा तिच्याकडे होती आणि मी पाण्यात, तिने हिशेब केलाच असणार.) मी दार उघडलं आणि रडले. लहान पोरीसारखी, नाकातून वगैरे.

बारामतीतल्या डॉक्टरकडे जायला मी साफ नकार दिला. निम्म्या डॉक्टरांच्या बायका आमच्या बॅचला आहेत. तिने इंदापूरच्या एका डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ताप नाही, उलटी नाही, घाबरू नका, पण आत्ताच या. गाडी तिने चालवली. लायसन्स माझ्याकडेही आहे, फक्त गाडी येत नाही. मी तिला म्हणाले होते, तू आधी पोहून घे, पंधरा मिनिटांनी जाऊ. पण असं म्हणताना तिचा हात मी सोडला नव्हता. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

डॉक्टरबाईंना दोन मिनिटं लागली. आडवं होऊन वर सरकलं होतं, बस. दोन एकावेळी कधीच नाही, म्हणाल्या. नवं घालण्याआधी जुनं काढलंय का ते बघायचं. साईज भागेल तेवढी लहानात लहान. पाळी नसताना प्रयोग नाहीत. एक-दोन दिवस ताप, पुरळ, चक्कर यांवर लक्ष ठेवा, काही वाटलं तर तडक या. मग त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, कुणीच नाही. उत्कर्षा शेजारच्या स्टुलावर होती. त्या दिवशी मी निघून आल्यावर बाकावरचा पुढचाच प्रश्न हा होता, एकावेळी दोन चालतात का, हे मला नंतर चाचींकडून कळलं. उत्कर्षाने मान तिरकी केली नाही.

घरी परत आलो तेव्हा सगळं आटपलं होतं. सायराबानूचाची पहिल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी. आई खुर्चीत दीड तास बसून चाचींसाठी टाळ्या वाजवून आल्या होत्या आणि संतापल्या होत्या. कुठं गेल्तासा दोघी, म्हणाल्या. माझं तोंड उघडायच्या आत उत्कर्षाने सांगून टाकलं : मला एकदम कसंतरी झालं आई, ताईंनी स्पर्धा सोडली आणि मला इंदापूरला दवाखान्यात नेलं. (गाडी कुणी चालवली, हे आईंनी विचारलं नाही.)

आई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गुनाची हाईस गं म्हाळसे. धाकटीला पोटच्या पोरीवानी जपलंस. म्या कवा बोलून दावलं न्हाय." अठरा वर्षांनी. उत्कर्षाच्या देखत. अगदी हवं होतं तसं.
मी कणीक मळायला घेतली.

आता उत्कर्षा दिवाणावर आडवी आहे, आईंच्या हुकमाने. पोटाशी गरम पाण्याची पिशवी. आई तिच्या तळपायांना तेल चोळतायत. साजूक तुपातला शिरा झाला तिच्यासाठी. तिला काहीही झालेलं नाही. पोट माझं दुखतंय, कंबर माझी मोडलीय, आणि सगळ्यांचा स्वयंपाक मी केला, कारण मी गुणाची आहे.

मघाशी दारातून त्या दोघींकडे बघत होते. वाटलं, आत्ता जावं आणि आईंना खरं काय ते सांगून टाकावं. एक पाऊल टाकलंही होतं. पण तव्यावर चपाती होती, करपली असती.