न धरलेला महिना

आई, तुला वाचता येत नव्हतं. पारशिवनीहून मामाचं कार्ड आलं की तू ते पदराला पुसून माझ्या हातात द्यायचीस आणि मी वाचेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस. मी एखादी वाईट बातमी गाळली तर ती तुला कळायचीच. "आणखी काय लिहिलं हाय, वाच," म्हणायचीस. आज हे लिहिते आहे ते बहुधा तू वाचणार नाहीस म्हणूनच. गेलीस त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण तू समोर असतीस तर पहिल्या ओळीलाच मी पेन खाली ठेवलं असतं.

त्या वर्षी श्रावण दोन आले होते. धोंड्याचा महिना म्हणून तू जावयाला जेवायला बोलावलंस. अनारशाच्या पिठासाठी तू आठ दिवस आधीच तांदूळ भिजत घातले होतेस. तुपात पहिला अनारसा सोडलास तसा मला तो वास सहन झाला नाही. मी मागच्या मोरीकडे धावले. परत आले तेव्हा तू कढई खाली उतरवून ठेवली होतीस आणि झारा हातातच होता. "किती दिवस वर गेले वं तुले?" मी म्हटलं, "पाच-सहा." "खरं सांग." "खरंच सांगून राहिली." खरं म्हणजे सव्वा महिना वर गेला होता. माझ्या पर्समध्ये कन्हानच्या कारखान्याचं पत्र होतं, ऑफिसात टायपिस्टची कायम नोकरी, दीड महिन्याने हजर व्हायचं. महाल भागातल्या छापखान्यात मला चार वर्षं झाली होती, पगार होता तिथेच होता, आणि तुझ्या जावयाचा हातमाग सूत मिळत नाही म्हणून बंद पडलेला. घर माझ्याच पगारावर चाललं होतं. पण गिरणीतल्या बायांकडून तू एक गोष्ट पक्की ऐकलेली होतीस. "बाळंतपणाचा पगार जुन्या जागीच भेटते. पोटात लेकरू घेऊन जागा बदलू नये." खरे दिवस सांगितले असते तर तू मला जाऊच दिलं नसतंस. मीही चौकशी केली होती. नव्या जागी बाळंतपणाआधी एकशेसाठ दिवस काम झालेलं असलं तर भरपगारी रजा मिळणार होती. तुला सांगितलेल्या हिशेबाने ते जेमतेम भरत होते, म्हणून तू हो म्हणालीस, आणि खऱ्या हिशेबाने भरत नव्हते. पहिलटकरणीचे दिवस वर जातात, एवढ्या एका आशेवर मी पत्र घेतलं होतं.

माझं उत्तर ऐकून तू लगेच उठून लाल सुताचा एक धागा काढलास आणि चुलीजवळच्या खिळ्याला अडकवलास. गल्लीतल्या बायांचे धागे तिथेच असायचे, दर अमावस्येला प्रत्येकीच्या धाग्याला एक गाठ. कोणाची सून, कोणाची लेक, सगळ्या तुला विचारायला यायच्या आणि तू सांगशील त्याच्या आठ दिवस मागेपुढेच पाळणा हलायचा. माझा धागा बघून तू म्हणालीस, "गुढीपाडव्याच्या नंतर." पुढे कारखान्यात हेडक्लार्कांनी तारीख विचारली तेव्हा मी हेच पुढे केलं. म्हटलं, "आई म्हणते पाडव्यानंतर, आणि आईचं चुकत नाही." त्यांनी हजेरीपुस्तक उघडून मोजलं. "भरतील बाई. पण एक कमी पडला तरी माझ्या हातात काही नाही."

मग मी एकही दिवस चुकवला नाही. सकाळची बस, उभ्याने कन्हानपर्यंत, संध्याकाळी सुजलेले पाय. तापातही गेले. दवाखान्यात जाऊन आले असं तुला दोनदा सांगितलं आणि एकदाही गेले नाही, कारण पोटाला हात लावताच डॉक्टरीणबाईंनी खरा महिना सांगितला असता. आज तोच विचार येतो. पोटात काही वाकडंतिकडं असतं तर? संक्रांतीला तू माझ्या पोटावर हात ठेवलास. "लय मोठं दिसून राहिलं वं." "जुळं असंल," मी म्हटलं. तू हसली नाहीस. हात मात्र बराच वेळ काढला नाहीस.

होळी झाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी टाइपरायटरवर कागद चढवताना कंबरेतून कळ आली. मी ती दाबून पान पुरं केलं, दुसरं घेतलं. दुपारी खुर्ची ओली झाली तेव्हा हेडक्लार्कांनीच कारखान्याच्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं. पोरगी झाली. हजेऱ्या सतरा कमी पडल्या होत्या. बिनपगारी रजा मिळाली तीच मेहरबानी.

सासूबाई खाटेच्या पायाशी उभ्या होत्या, तुझा जावईही बाजूला. तू लेकराला मांडीवर घेतलंस, दुपट्यातून एकेक हात काढून बोटं बघितलीस. नखं बोटांच्या बाहेर आलेली होती. दिवसांआधी आलेल्या पोराला अशी नखं नसतात, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तू मान वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंस, तशीच, कार्ड वाचताना बघायचीस तशी. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या गाठींच्या भरवशावर सुनेनं हातची नोकरी सोडली. आता तीन महिने आम्ही काय खावं?" तू दुपटं नीट केलंस. "हो बाई. माह्याच हातून चुकलं. धोंड्याचा महिना मी धरलाच नाही."

मला बोलता येत होतं, आई. अंगात त्राण नव्हतं असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण पाणी मागायला आवाज निघाला होता. मी भिंतीकडे तोंड केलं.

ते तीन महिने तू लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून आमच्या घरी पीठ पाठवलंस. मला एका शब्दाने बोलली नाहीस. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. स्वतःच्या लेकीचे दिवस जिला धरता आले नाहीत तिला कोण विचारणार? समोरच्या घरची सून तिसऱ्या महिन्यात तुझ्या दारावरून पुढच्या आळीत विचारायला गेली. तू उंबऱ्यात तांदूळ निवडत होतीस. दुसऱ्या दिवशी खिळ्यावरचे सगळे धागे काढून तू नातीच्या गोधडीला टाके घातलेस. नंतर तो खिळा रिकामाच राहिला.

यंदा पुन्हा धोंडा आला. परवा लेक-जावई जेवायला होते. अनारसे तळताना लेकीने नवऱ्याला तिच्या जन्माची गोष्ट सांगितली, माझ्याकडूनच ऐकलेली. "आमच्या आजीनं अख्खा महिनाच गिळला होता," म्हणाली. सगळे हसले. आई, मीही हसले, आणि जावयाच्या पानात आणखी एक अनारसा वाढला.