दुपारचं माप

६ मे
जुन्या लोखंडी पुलावर जाऊन आले. वर आगगाडी, खाली मोटारी, कडेला मी, वही सांभाळत. मुलांसाठी लिहितेय त्या दिल्लीच्या पुलांच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण इथलंच. याच्याही आधी होड्यांचा पूल होता म्हणे. यमुना चढली की होड्या सोडवून घेत. आधी नदीला जाऊ द्यायचं.

विनयला वाचून दाखवलं. नवरा पुलांचा इंजिनिअर, त्यामुळे शिकवणी घरचीच. "लेखिकाबाई, आधी पाया. काव्य मागाहून."

९ मे
वि.च्या यमुनेवरच्या नव्या पुलाची चाचणी सुरू. पहाटे रिकाम्या पुलाची उंची मोजायची. मग वाळूच्या गोण्या रचून ठेवायच्या. पूल मधोमध किंचित वाकतो. गोण्या काढल्यावर परत वर यायला हवा.
"आणि नाही आला तर?"
"तर आतून काहीतरी बिनसलंय."

मोजायचं पहाटेच. दुपारी उन्हाने वरची बाजू तापून फुगते, पूल आपोआप पाठ उचलतो. मांजरासारखा! पुस्तकात घेतलंच. चित्र हवं.

दिल्लीतल्या मुनिरक्याहून रेवाचा फोन. "आई, बाबांचा पूल झाला ना, की दर शनिवारी नोएडाला, घरी. अभी तो दोन मेट्रो, वर ऑटो. थकते यार." आमचं कॉलेजकन्यारत्न. शनिवारची भाजी आत्तापासून ठरवतेय मी.

१२ मे
काल गोण्या निघाल्या. वि. आज पहाटेच मोजायला गेला, आला थेट संध्याकाळी.
"आला का वर?"
"आला."
चहा न घेता आंघोळीला.

१३ मे
त्याच्या साहेबांनी पेढे दिलेत. चाचणी पास, उद्घाटन पुढच्या आठवड्यात. त्याला बरं वाटावं म्हणून मांजराचं पान वाचून दाखवलं. त्याने हातातला पेढा खाली ठेवला.
"हे पान काढ."
"का? चुकलंय?"
"नाही."

चुकलं नाही, मग दुपारच्या उन्हाचं त्याला काय एवढं लागलं? विचारलंच.
"विनय, शेवटचं माप कधी घेतलंत?"
"दुपारी."
"पहाटे का नाही?"
"पहाटेही घेतलं. पुरेसा आला नव्हता वर. साहेब म्हणाले, थोडं थांबू, येईल. दुपारी आला."

आला! ऊन होतं ते.
 

१४ मे
घरात साधी फळी ठोकायची तर तीनदा पातळी बघतो हा माणूस. मी हसते त्याला. हाच?

"पडणार नाही गं. डिझाइनमध्ये मार्जिन असतं, लागते त्याहून जास्त ताकद धरलेली."
"मग रेवाला पहिल्याच दिवशी बोलावू?"
त्याने पेढ्यांचा डबा बाजूला सरकवला.
"अहवालावर साहेबांनी सही केलीय. माझी उद्या."
मला वाटत होतं, सगळं होऊन गेलंय. नाही. अजून सही राहिलीय.
पेढे तसेच. मुंग्या लागल्या.

१५ मे
रेवाचा फोन. मी पोळ्या लाटत होते, म्हणून स्पीकरवर. वि. समोर कांदा चिरत होता. तिने उद्घाटनाची बातमी वाचलेली.
"बाबा, पहली गाडी हमारी हं! मैत्रिणींना पण आणते."
"नको."
"क्या नको?"
"तू मेट्रोनेच ये, बाळा."
"अरे, तुमचाच पूल आहे!"
त्याने फोन बंद केला. तिचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. इतक्या वर्षांत कधी असं केलं नव्हतं.
आम्ही दोघं. तव्यावर पोळी करपली. मला बोलायचं होतं ते त्याच्याच तोंडून आलं होतं.
सही केली नाही. "उद्यापर्यंत थांबा," असं साहेबांना कळवलंय म्हणे.

१६ मे
अंधारातच उठला. मोजायचं यंत्र गाडीत ठेवलं. एकटाच.
"परत मोजतो."
"आणि मग साहेबांना सांगशील?"
"आधी मोजू दे."
चप्पल घालताना माझा खांदा धरला. तोल जात होता की काय, कोण जाणे. जरा जास्तच वेळ धरून राहिला.

चहा केला, दोन कप. त्याचा झाकून ठेवलाय.
ऊन खिडकीच्या गजांवर आलं. आता ओट्यावर. पहाटेचं माप केव्हाच घेऊन झालं असेल; तिकडे पूल पाठ उचलायला लागला असेल.
फोन नाही.