बूस्ट मीटरच्या लाल काट्यावरून मेहुण्याविरुद्ध केलेली तक्रार मागे घेणेबाबत

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
पोलीस ठाणे, भाईंदर (पश्चिम)

अर्जदार : लवू बाबाजी मांडवकर, रा. मोरवा. धंदा : चौक गावच्या बंदरावर पिकअपने बर्फ पोचवणे.

विषय : मेहुणा जितेंद्र याने पिकअप चोरून वापरल्याची तक्रार रद्द करणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा मागील तक्रार अर्ज.

महोदय,

१. अर्जदाराच्या पिकअपला आधीच्या मालकाने रीतसर मंजुरीने सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र, बसवलेले आहे. बर्फ भरून चढ चढताना गाडी धापा टाकू लागल्याने मेकॅनिक दशरथ याने त्या हवेचा दाब दाखवणारा बूस्ट मीटर लावून दिला. त्यातला लाल काटा सर्वांत जास्त दाबावर जाऊन थांबतो व बटण दाबेपर्यंत खाली येत नाही.

२. अर्जदार दुपारी काटा शून्यावर आणून झोपत असे. उठून पाहावे तो काटा वर. प्रथम मीटरवरच संशय आला. दशरथ म्हणाला, "काटा खोटं बोलत नाय, लवूशेठ. गाडी कोणीतरी दामटतंय." एवढी खात्री याला कशी, म्हणून दशरथवर संशय आला. अर्जदाराने टायरला खडूची खूण केली, किल्ली उशीखाली घेतली. तरी खूण सरकलेली, काटा वर. जितेंद्र दुपारी जेवायला येत असे. "भावोजींना झोप लागली का?" असे तो बहिणीस विचारताना अर्जदाराने अर्धवट झोपेत ऐकले. सबब तक्रार दिली.

३. आपण त्याला बोलावले. तो "गाडी मी चालवली नाही" एवढेच म्हणाला. मग कोणी चालवली, यावर गप्प. ते गप्प बसणे अर्जदारास कबुलीच वाटले.

४. जितेंद्रचे येणे बंद झाले, काटाही शांत झाला. अर्जदाराची खात्री पटली. आणि एके दुपारी काटा पुन्हा वर. आता घरातल्या प्रत्येकाकडे अर्जदार चोर म्हणून पाहू लागला. शेवटी सिल्व्हर पार्कला कामासाठी जातो सांगून, किल्ली खुंटीला ठेवून, तो पिकअपच्या मागे ताडपत्रीखाली शिरला. (मागे माणूस नेणे गुन्हा आहे. चालकास कल्पना नव्हती, दोष अर्जदाराचा.) थोड्या वेळाने गाडी निघाली. डोंगरीच्या चढावर मध्येच थांबली व तसूभरही मागे न सरकता पुन्हा उचलली गेली. हे हल्ली अर्जदारास जमत नाही. वर पोचल्यावर त्याने ताडपत्री बाजूला केली. चालकाच्या जागेवरून अर्जदाराची पत्नी आनंदी उतरली.

५. ती घाबरली नाही. म्हणाली, "तुमच्या डाव्या पायाला मुंग्या येतात. क्लच सुटतो. मला कळत नाही का? सांगितलं असतं तर किल्ली लपवली असतीत." उशीखालची किल्ली अर्जदार झोपेत असताना तीच अलगद काढून परत ठेवत असे. शिकाऊ परवान्यावर शेजारी बसून तिला शिकवणारा जितेंद्रच होता. पक्का परवाना मिळाल्यावर चढ एकटीला जमतो का, हे ती पाहत होती. बहिणीला शब्द दिला म्हणून तो ठाण्यात तोंड मिटून बसला. पायाची गोष्ट अर्जदाराने कोणासच सांगितलेली नव्हती.

६. तरी तक्रार रद्द व्हावी. जितेंद्र अर्जदाराचा फोन उचलत नाही. दारात गेले असता आत माणसे असून दार उघडले नाही. ठाण्याचा फोन तो उचलेल. तक्रार चुकीची होती असे लवूने लेखी दिले आहे, एवढे त्यास कळवावे. जेवायला बोलावणे हे ठाण्याचे काम नव्हे. त्यासाठी अर्जदार त्याच्या दाराबाहेर उभा राहील.

आपला नम्र व ओशाळलेला,
लवू बाबाजी मांडवकर
दि. १८ फेब्रुवारी २०२५

सोबत : मागील अर्जाची पोच, सौ. आनंदी मांडवकर यांच्या परवान्याची प्रत.