शेवटच्या भागातली अकरा सेकंदं

३ मार्च, सोमवार
‘कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, तोच तुला शोधत येईल.’ बत्तीस वर्षांपूर्वी फ्लोअर मॅनेजर म्हणाले होते. मी सोळाची होते. शनिवारी पाचला टीव्हीवर लागणाऱ्या डान्स-शोमध्ये सहा आठवडे नाचले, पहिल्या रांगेत. कॅमेऱ्यात बघणाऱ्या मुलीला मागे पाठवतात, असं ऐकून होते. मी एकदाही बघितलं नाही.
तो शो आता बंद होतोय. शेवटच्या भागात जुन्या क्लिप दाखवणार. मी असणारच.
आईनं मला नाचताना कधी पाहिलंच नाही. शनिवारी पाचला ती लॉन्ड्रीत इस्त्रीवर असायची. आता तिची नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर.

५ मार्च
स्टुडिओला फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीनं नाव दोनदा विचारलं. लिहून घेतलं असणार.
उद्यापासून रोज अर्धा तास जुन्या स्टेप्स. स्टेजवर बोलावलं तर तयारी हवी.

६ मार्च
स्टेप्स चार मिनिटं. गुडघा. शिवाय फरशी बरोबर नाही.

१० मार्च
आई दादाकडे असते. शनिवारी शेवटचा भाग आहे, तिला माझ्याकडे घेऊन ये म्हटलं. तो म्हणाला, मी एकही भाग चुकवला नव्हता, पण तू काही दिसली नाहीस.
तेव्हा आमचा टीव्ही लहान होता.
दादाचं हे असंच. शाळेत चुकून जास्त मिळालेले मार्क स्वतः जाऊन कमी करून आला होता.

१४ मार्च
स्टुडिओचा फोन नाही. गडबडीत असतील. आईची खुर्ची टीव्हीपासून दोन हातांवर ठेवली.

१५ मार्च, शनिवार, संध्याकाळी सात
आमच्या वर्षाची क्लिप अकरा सेकंदांची. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, एक पाठ आणि एक वेणी. ती मी. कॅमेरा वळला तशी शहाण्यासारखी तोंड फिरवून नाचतेय. पुढे पिवळ्या फ्रॉकातली एक मुलगी, सरळ कॅमेऱ्यात बघून हसणारी. ती सहाही आठवडे पुढेच होती. आत्ता आठवलं.
आई खुर्चीतून पुढे वाकली. “पिवळ्या फ्रॉकात तूच ना गं? किती गोड हसतेस. आणि मी मेली इस्त्री फिरवत बसले होते.”
माझा हात धरून ठेवला तिनं. सोडेचना.
“हो आई,” मी म्हटलं. “फ्रॉक मैत्रिणीचा होता.”
दादा माझ्याकडे बघत राहिला. चहा तसाच ठेवून उठला.

१६ मार्च
स्टेप्स नाहीत.
दादाला मेसेज केला. तो ऐकणार नाही, माहीत आहे. तरी लिहिलं: दादा, आईला दिसेनासं होईल तेव्हा ती हसणारी मुलगी तिच्यापाशी असू दे. तिला खरं नाही ना सांगणार?