सहावी गोष्ट

१४ ऑक्टोबर १९१३

आज दुपारी मशिदीचे कारभारी फक्रुद्दीन मुतवल्ली आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि सांगून गेले, की बाबालालनं दोन साक्षीदारांपुढे ईमानाची सहाही कलमं म्हणून दाखवली नाहीत तर जमात त्याचा जनाजा उचलणार नाही. माझा माणूस आत खाटेवर जिवंत आहे! म्हणून ही वही उघडली. कुणापाशी बोलले तर आवाज चढेल. इतकी वर्षं मुलींच्या शाळेत मास्तरकी करून एवढं कळलं आहे, की आवाज चढला की वर्ग हातचा जातो.

ह्यांच्या पायांची सूज गुडघ्याच्या वर आली. डॉक्टर म्हणतात अंगात पाणी साठतंय. महिना निघाला तरी पुष्कळ.

मुतवल्लींचा निरोप ह्यांना सांगितला नाही. पण भिंत पातळ आहे.

१५ ऑक्टोबर

ऐकलं होतं. सकाळी तोंड धुवायला पाणी नेलं तर म्हणाले, “मास्तरीणबाई, न्हाय उचललं तर मी चालत येतो म्हणावं त्यास्नी.” मी हसले नाही. त्यांना हसायलाही आता धाप लागते.

भांडणाचं मूळ लिहून ठेवते. आषाढात हुसेन पिंजाऱ्याची चाँदबी मशिदीच्या विहिरीत पडून गेली. मशिदीशेजारच्या माझ्या सकाळच्या वर्गातली, लहान होती. वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला, पाणी काढायला वाकली. दगडांवर शेवाळ, विहिरीला कठडा नाही. दफनाच्या वेळी मुतवल्ली हुसेनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अल्लाची मर्जी. त्यावर हे सगळ्यांदेखत बोलले — त्याला कशाला मधी घेता? कठडा तुमी बांधायचा होता! मी तिथे नव्हते, बायका जात नाहीत. हुसेननंच येऊन सांगितलं. सांगताना तो ह्यांच्यावर रागावलेला नव्हता.

तेव्हापासून मोहल्ल्यात बोभाटा, की बाबालाल तकदीर मानत नाही. आणि जो तकदीर मानत नाही त्याचं ईमान अपुरं. हे मीही म्हणते. मीच शिकवते ना!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्ग घेतला. मशिदीशेजारच्या खोलीत सकाळी गारवा असतो, पोरी एकमेकींना चिकटून बसतात. त्यांना अरबी येत नाही, उर्दूही जेमतेम. अरबी पाठ करून घ्यायचं आणि मराठीत समजावायचं, हा माझा शिरस्ता. अल्ला एक. त्याचे फिरिश्ते. त्याच्या किताबा. त्याचे पैगंबर. कयामतचा दिवस, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं. ही पाच बोटांवर पाच. सहावी तकदीर — भलं आणि बुरं दोन्ही अल्लाकडून — तिला मूठ मिटायची. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं होतं, की लहान मुलांना हातानं शिकवा. विसरत नाहीत.

चाँदबीच्या जागी अजून कुणी बसत नाही. मीही बसवत नाही.

संध्याकाळी खैरुनबी आली. माझी अगदी पहिल्या तुकडीतली विद्यार्थिनी. विधवा झाल्यापासून वर्गात मला हातभार लावते. म्हणाली, “आपा, म्हणून टाकू द्या की त्यास्नी. तोंडानं म्हणायला काय जातंय?”

काय जातं, हे तिला मी शिकवायला हवं होतं. राहून गेलेलं दिसतं.

१९ ऑक्टोबर

पेशइमाम येऊन गेले. मिरजेचे आहेत, तरणे, हळू बोलतात. मी पडद्याआडून ऐकलं. त्यांनी ह्यांना विचारलं, कुठं अडतं? हे म्हणाले, पाच कबूल, बिनबोभाट. सहाव्यातलं भलं कबूल. बुरं तेवढं त्याच्या नावावर घालणार न्हाय.

इमामसाहेबांनी नीट समजावलं. तकदीर मानली म्हणजे माणसाची जबाबदारी सुटत नाही. ज्यानं कठडा बांधला नाही त्याला कयामतला त्याचा हिशोब द्यावाच लागेल. दोन्ही खरं आहे.

हे म्हणाले, “मग ह्ये तवा कबरस्तानात मोठ्यानं का न्हाय सांगितलंसा?”

 इमामसाहेब, पोरच ते, म्हणाले, की मी नवा होतो.

निघताना मी विचारलं, नुसतं म्हटलं तर चालेल का? म्हणाले, ईमान म्हणजे जिभेनं कबूल करणं आणि मनानं खरं मानणं. जीभ साक्षीदार ऐकतील. मन बघणं आमचं काम नाही. ह्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मुतवल्लींना घेऊन येतो म्हणाले.

२२ ऑक्टोबर

सूज पोटावर आली. दूध नको म्हणतात, चहा मागतात. दिला.

२५ ऑक्टोबर

रोज पाठ घेते आहे. ह्यांना अरबी चांगली येते, माझ्यापेक्षा उच्चार चोख. प्रश्न पाठांतराचा नाहीच. बुऱ्याच्या त्या एका शब्दाशी येतात आणि थांबतात. मी पुन्हा सुरू करते. पुन्हा थांबतात. असा हट्टी विद्यार्थी मला नोकरीत भेटला नाही!

हे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, छापून झालं की मोडून पुन्हा खणांत टाकायचे. आज म्हणाले, जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं जुळवली. सरकारी हुकूम जुळवले, लग्नपत्रिका जुळवल्या, औषधवाल्यांच्या थापा जुळवल्या. एकावर सही केली न्हाय.

मी म्हटलं, ही औषधाची जाहिरात नव्हे.

म्हणाले, “म्हणून तर अडतंय. बुरं त्यानं केलं म्हटलं, की फक्रुद्दीन सुटला. अल्लावर आळ मी घ्यायचा, आणि पापातनं सुटायचं त्यानं?”

तो आळ नाही, शरण जाणं आहे, असं मी सांगितलं. अल्लाला तुमच्या वकिलीची गरज नाही, असंही सांगितलं. दोन्ही बरोबर आहे. पुस्तकात असंच आहे. तरी उत्तर दिल्यासारखं वाटलं नाही.

मी दमले. जिना चढतानाही कठड्याला धरावं लागतं आता.

२९ ऑक्टोबर

आवाज चढला. नको म्हणून ठरवलं होतं. उशी सरळ करताना मी म्हटलं, तुम्ही एकदाचे मोकळे व्हाल. मला इथेच राहायचं आहे. ह्याच गल्लीत, ह्याच बायकांत. तुम्हाला खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत, तर उद्या माझ्याशी बोलायला कोण येईल? पोरी कोण पाठवील?

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी भांडी घासायला गेले, जी घासलेलीच होती.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजनंतर आले. मुतवल्ली, इमामसाहेब, आणि साक्षीला हुसेन पिंजारी. हुसेनला का आणला? मुतवल्ली म्हणाले, त्याची तकरार न्हाय हे समद्यास्नी दिसू दे. हुसेन खाली बघत उभा.

मी ह्यांच्या पाठीशी तक्क्या लावला. ह्यांनी टोपी मागितली. मग म्हणायला सुरुवात केली. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. अल्ला, फिरिश्ते, किताबा, पैगंबर, कयामत. मी दाराआड उभी. सहावं आलं. थांबले नाहीत! भलं म्हटलं, बुरं म्हटलं, दोन्ही त्याच्याकडून म्हटलं आणि शेवटपर्यंत गेले. हुसेनचा श्वास मला ऐकू आला.

मुतवल्लींचे डोळे भरून आले होते. हे खोटं लिहीत नाही. ह्यांचा हात हातात घेऊन बसले, जुन्या गोष्टी काढल्या. दोघं एकाच गल्लीत वाढलेले. जाताना मला म्हणाले, “भाबी, आमचं वैर कवा न्हवतंच. मान्सं बोलत्यात, मला तोंड द्यावं लागतंय.”

सगळे गेल्यावर मी पाणी पाजलं. ह्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, “जुळवलं. छापून झालं. आता खिळे परत खणात टाक.”

काय म्हणायचं होतं ते मला कळलं. न कळल्यासारखं केलं.

१ नोव्हेंबर

पोरीनं न समजता घडाघडा म्हटलं तर मी तिला खाली बसवते. उद्या पुन्हा म्हण म्हणते. ह्यांना समजलं होतं, पटलं नव्हतं, आणि माझ्यासाठी म्हटलं. ह्याला काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

३ नोव्हेंबर

माणसं भेटायला येतात. मिठाई, संत्री. महिनाभर कुणी फिरकलं नव्हतं.

६ नोव्हेंबर

पहाटे गेले.

७ नोव्हेंबर

काल जनाजा उचलला. जागा पुरेना इतकी माणसं. मुतवल्लींनी पुढचा खांदा दिला, दुसऱ्या बाजूला हुसेन होता म्हणे. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं ते गल्लीच्या वळणापर्यंत. ज्यासाठी भांडले ते मिळालं. कुणी हात आखडता घेतला नाही.

बायका म्हणाल्या, शेवटी सुधारले, नशीब. मी मान हलवली.

१० नोव्हेंबर

बकरी ईद. खैरुनबीनं मटण पाठवलं. शेजारी दिलं.

१६ नोव्हेंबर

इद्दत, म्हणजे विधवेचे चार महिने दहा दिवस, सुरू आहे, घराबाहेर पडता येत नाही. म्हणून खैरुनबी पोरींना आज इथेच घेऊन आली. ह्यांची खाट उभी करून ठेवली तेव्हा जागा झाली.

धडा नेहमीचाच. अंगठ्यापासून सुरुवात केली. पोरी खणखणीत म्हणत होत्या. पाच झाली. मुठी मिटल्या. अरबी म्हणून झालं, आता मी मराठीत सांगायचं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, चाँदबी बघायची तशा.

तोंड उघडलं. भलं, असं म्हटलं. पुढे गेलंच नाही. ठसका लागला असं सांगितलं, पाणी प्याले, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. पाणी पिऊन जमण्यातलं नव्हतं ते. खैरुनबीनं ते वाक्य पुरं केलं, सहज, भाकरी थापावी तसं. मी ऐकत राहिले. तिच्या तोंडी ते खरं वाटत होतं.

पोरींना लवकर सोडलं. त्यांना वाटलं, दुःखामुळे. बरं झालं.

१७ नोव्हेंबर

खैरुनबीच्या हवाली केलं : मशिदीच्या खोलीची किल्ली, कुराणाचे सिपारे, पाट्या, फळा पुसायचं फडकं. तिनं पदरात घेतलं आणि म्हणाली, “इद्दत सरंपर्यंतच न्हवं, आपा?”

नाही म्हटलं. का, विचारलं तिनं.

सांगितलं — पाचापर्यंत मी मनापासून येते. सहावं तुझं पक्कं आहे. तू शिकव.