एकनळीची नवी माशी

मॉसन लेक्स, ॲडलेड
रविवार, दुपार

ती. अण्णा,

साष्टांग नमस्कार. (लिहिलंय साष्टांग, पण उजवा हात सध्या खांद्यापासून संपावर आहे, तेव्हा सात अंगांचाच धरून चाला.) तुमची तब्येत कशी आहे हे तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही, तुम्ही 'ठणठणीत' म्हणून मोकळे होणार. म्हणून मी परस्पर शेजारच्या सरिताकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, अण्णा जेवतात दोन्ही वेळा, पण सकाळचीच भाजी रात्री खातात, आणि गॅलरीत बसून खालच्या लोकांना गाडी कशी लावावी ते ओरडून सांगतात. दुसरी बातमी ऐकून मला फार बरं वाटलं. पहिली मी रुचाला सांगितली नाही.

आईंना जाऊन आता दीड वर्ष होईल. तेव्हापासून रुचा दर रविवारी तुम्हाला 'इकडे या' म्हणते, तुम्ही दर रविवारी 'तिथे येऊन मी करू काय?' म्हणता, आणि फोन ठेवल्यावर ती घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते. आमच्याकडची भांडी सध्या अतिशय स्वच्छ आहेत. पण हे पत्र त्याबद्दल नाही. (त्याबद्दल बोलायला मी घाबरतो. तुम्ही गप्प बसलात की मला एनसीसीच्या परेडमध्ये चुकीचा पाय पुढे टाकल्यासारखं वाटतं.) हे पत्र बंदुकीबद्दल आहे.

हो, बंदूक. मी घेतली. खाली बसून वाचत असाल अशी आशा आहे. कोल्हापुरातल्या कॉलेजच्या पोरांना तुम्ही उभी हयात नेम धरायला शिकवलंत, आणि जावई पदरात पडला तो असा. लग्नात मी घातलेला हार रुचाच्या गळ्यात न पडता कानाला अडकला होता, तेव्हा तुम्ही आईंकडे ज्या नजरेने पाहिलंत ती नजर मी अजून विसरलेलो नाही. झुरळ मारायला बायकोला हाक मारणाऱ्या, अंडंसुद्धा केकमध्ये लपलेलं असेल तरच खाणाऱ्या माणसाला बंदूक कशाला, असं रुचानेही विचारलं. मी म्हटलं, छंद. मातीच्या तबकड्या हवेत उडतात, त्या फोडायच्या, जीवहत्या काही नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग अटी घातल्या: बंदूक भिंतीत ठोकलेल्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या पेटीत, आणि त्या पेटीची किल्ली तिच्या मंगळसूत्राच्या डबीत. सरकारच्याही अटी साधारण अशाच आहेत, पण सरकार इतकं रोखून बघत नाही.

तर रीतसर कोर्स केला, लायसन्स काढलं, आणि शेती विकून शहरात आलेल्या एका गृहस्थांकडून जुनी एकनळी घेतली. अगदी साधी. एक नळी, एक चाप, आणि नळीच्या टोकाला नेम धरायला तुम्ही जिला माशी म्हणता ती पितळेची टिकली, मोहरीच्या दाण्याएवढी. इथून तासाभरावर उत्तरेला मैदान आहे, तिथल्या क्लबात नाव घातलं. क्लबचा सेक्रेटरी ट्रेव्हर, पूर्वी बस चालवायचा. पहिल्या दिवशी त्याने मला उभं केलं, तबकडी सुटली, मी चाप ओढला, तबकडी आपल्या वाटेने निघून गेली आणि मी गवतावर बसलो होतो. ट्रेव्हर म्हणाला, "नो वरीज, मेट. तबकडीला काही लागलं नाही." खांद्याला रुचाने हळदीचा लेप लावला. ऑफिसात पांढरा शर्ट पिवळा झाला तेव्हा आमच्या मॅनेजरने मला एचआरकडे पाठवलं, घरी सगळं ठीक आहे ना ते विचारायला.

दोष नेमाचा नसून माशीचा आहे, असं मी ठरवलं. (हसू नका.) एवढंसं ते टोक, इथल्या उन्हात दिसतच नाही. बाजारात हल्ली चमकणाऱ्या माश्या मिळतात, काचेच्या तंतूच्या, आपोआप उजेड ओढून घेणाऱ्या. मी एक हिरवी मागवली. आली तेव्हा कळलं, ती वरून चपटी पट्टी असलेल्या नळीवर बसते. माझी नळी पोळपाटावरच्या लाटण्याइतकी गोल. रबरबँडने बांधून पाहिली, ती घसरून बगलेला गेली. त्या माशीने नेम धरला असता तर शेजाऱ्यांची टाकी गेली असती.

मग जुनी माशी काढून त्याच भोकात बसणारी दुसरी मागवायची ठरवली. एका शनिवारी दुपारी रिकामी बंदूक जेवणाच्या टेबलावर घेतली. (रिकामी असल्याची खात्री मी तीनदा, रुचाने पाचदा केली.) शेजारीच ओट्यावर रुचा आमटीच्या फोडणीच्या तयारीत, मिसळणाचा डबा उघडा. मी पक्कड लावून जोर केला, माशी टुणकन उडाली आणि नाहीशी झाली. टेबलाखाली शोधली, फ्रिजखाली शोधली, तुमची नात कादंबरी टॉर्च घेऊन रांगत होती आणि मला विचारत होती, "बाबा, इज धिस इव्हन लीगल?" तेवढ्यात तेल तापलं, रुचाने मोहरी टाकली. सगळी तडतडली. एक दाणा तडतडेना. रुचा वाट बघत राहिली. तुम्हाला माहीत आहे, मोहरी पूर्ण तडतडल्याशिवाय ती हिंग टाकत नाही, आईंची शिकवण. शेवटी तिने तो हट्टी दाणा पळीने बाहेर काढला, चष्मा लावून पाहिला, आणि माझ्यासमोर बशीत ठेवला. त्या दिवशी आम्ही बाहेर जेवलो.

दुसरी माशी आली, तिचे आटे जुळेनात. मी आपलं घट्ट चिकटणारं रसायन लावलं. सरळ बसतेय का ते बघायला सुतार लावतात तशी दोरी हवी होती, खडू नव्हता, म्हणून देव्हाऱ्यातलं कुंकू दोऱ्याला लावून नळीवर ताणला. फोन वाजला, मी उठलो. परत येतो तर रुचा दारात उभी. बंदूक पाटावर, वर कुंकवाची रेघ, आणि कादंबरीने आपल्या मनाने अंगणातलं एक फूलही वाहिलेलं. रुचाने आधी हात जोडले आणि मग विचारलं, "आज खंडेनवमी आहे का?" एवढ्यात रसायन वाळलं. माशी कायमची डावीकडे बघत राहिली. ती तासून काढण्यात पुढचा रविवार गेला.

तिसरी मात्र बोटांनी फिरवली आणि बसली. सरळ, हिरवीगार. तिजोरीत ठेवायच्या आधी मी ती खिडकीकडे धरून बराच वेळ बघत राहिलो. रुचा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, अण्णा निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी सोडवून आणायचे, आई ओवाळून घरात घ्यायची. या वेळी त्यांनी ती आणलीच नाही. एवढं बोलून ती माझ्या दुखऱ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी खांदा तसाच धरून ठेवला. अण्णा, तो खांदा त्या दिवशी जेवढा दुखला तेवढा बंदुकीनेही दुखला नव्हता.

काल क्लबात गेलो. निळ्या आभाळावर तो हिरवा ठिपका स्वच्छ दिसला आणि एक तबकडी फुटली. ट्रेव्हरने टाळ्या वाजवल्या. एकंदरीत छंद उत्तम चालला आहे. वेळेवर औषध घ्या, आणि रात्री ताजी भाजी करायला सांगा.

तुमचा (हार चुकलेला) जावई,
नचिकेत

ता. क. काल फुटलेली तबकडी ट्रेव्हरची होती. आम्ही एकदमच चाप ओढला. माझे डोळे मिटलेले होते. दरवेळी मिटतात. मला तो आवाज मुळीच आवडत नाही.

आणखी ता. क. बंदूक माझ्यासाठी नाही. तिचा दस्ता माझ्या हाताला लांब पडतो, तुमच्या हाताला बरोबर बसेल. मोतीबिंदूनंतर उजव्या डोळ्याला पितळेचं टोक दिसत नाही, म्हणून ठाण्यातून बंदूक आणली नाही, हे तुम्ही सरिताकाकूंना सांगितलंत, आम्हाला नाही. पण व्हिडिओ कॉलवर बोलताना तुमच्या गच्चीतली हिरवी मिरची तुम्ही लांबून ओळखली होतीत, म्हणून हिरवी घेतली. पाहुण्यांना क्लबच्या माणसाच्या देखरेखीखाली मैदानावर नेम धरता येतो, ते मी आधीच विचारून ठेवलंय. ट्रेव्हरला शिकवणारा माणूस हवाच आहे. मलाही हवा आहे. रुचाला यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही पुन्हा नाही म्हणालात तर तिला पुन्हा वाईट वाटायला नको, म्हणून फोनवर न लिहिता टपालाने लिहितोय. माझा फोन ती वाचते.

शेवटचं. संध्याकाळी आईंच्या फोटोपुढे दिवा लावल्याशिवाय तुम्ही कुठे मुक्कामाला जात नाही, हे तुम्ही कधी बोलला नाहीत, पण आम्हाला कळतं. फोटो घेऊनच या, अण्णा. पूर्वेच्या भिंतीवर खिळा मारून ठेवलाय.