चार वाजून सतरा मिनिटं

मंगळवार, ४ मार्च. दुपारी ४ वाजून १७ मिनिटं.
नेट गेलं! अकरा वर्षांनी भाऊ संगणकाच्या पडद्यावर आला – टक्कल पडलंय, तोरा तसाच – आणि म्हणाला, "आई गेल्याचं तुला तिसऱ्या दिवशी कळवलं, ते माझं –" आणि चित्र गायब! नेहमीसारखा पुटपुटत होता, म्हणून मी आवाज वाढवायला गेले, नेमकं तेव्हाच. कंपनीला सोडणार नाही.

संध्याकाळ.
भाचीचा फोन. "आत्या, बाबा म्हणतात तू मुद्दाम कापलंस. आता तुझा फोनही घेणार नाहीत." मी? मुद्दाम?

५ मार्च
कंपनीचा माणूस आला. राउटरचा हिरवा दिवा बघितला, झालं. "लाइन ओके आहे, आजी. संगणक एकदा बंद करून चालू करा."
आजी कोणाची? आणि बंद का करू? पुरावा आहे तो! चौतीस वर्षं मुलींच्या कॉप्या पकडल्या मी. चिठ्ठी आधी जप्त करायची, मग बोलायचं.

६ मार्च
कंपनीला रजिस्टर पत्र. लेखी माफी हवी. नाहीतर कोर्टात खेचीन.

७ मार्च
संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स भाचीनेच घालून दिलंय. आज तिने फोनवरून काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायला शिकवलं. आधी ping, म्हणजे नेटवरून मारलेली हाक – साधी राउटरपर्यंतसुद्धा पोचेना. मग nmcli device status, म्हणजे जोडणी आहे की नाही ते विचारणं. उत्तर: disconnected.
"कोणी तोडलं ते विचार त्याला," मी म्हटलं.
"आत्या, तू पोलिसात हवी होतीस! त्याला journalctl. मशीनची रोजनिशीच ती, मिनिटामिनिटाची नोंद."
छान! उद्या वाचते. छापून कंपनीच्या तोंडावर फेकते.

८ मार्च
16:17. user-requested.
नन्सनी शिकवलेलं इंग्रजी आहे, चुकीचं वाचणार नाही. वापरणाऱ्याने सांगितलं म्हणून तोडलं. घरात वापरणारी एकटी मी. पडद्याच्या कोपऱ्यात आवाजाच्या खुणेला खेटूनच नेटची खूण आहे.
नोंद छापून घेतली.

९ मार्च
कंपनीला दोन ओळी, दातओठ खात: तक्रार मागे.
भावाला, भाचीच्या हाती: "नेट माझ्याच हातून बंद झालं. मुद्दाम नाही. मशीनची नोंद सोबत जोडली आहे. तू 'ते माझं' इथवर आला होतास. वाक्य पूर्ण कर. लेखी. शुक्रवार, १४ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत."